वाकडं पान

कुरिअर आलं तेव्हा आई हॉलमध्ये शेंगदाणे निवडत बसली होती. पाकिटात काय आहे ते मला ठाऊक होतं: मी काढलेल्या चादरीच्या डिझाइनचा छापील नमुना. तीन आठवडे मी त्याच्याच मागे होते. चिकटपट्टी फाडली, कापड झटकलं आणि दिवाणावर पसरलं. अडीच मीटर सुती कापड, फिकट निळ्या जमिनीवर पारिजातकाची फुलं, प्रत्येकाच्या मध्ये केशरी देठाचा ठिपका, अधूनमधून गडद हिरवी पानं. खळीचा वास, हाताला किंचित कडकपणा. मी दारापर्यंत मागे गेले, डोळे बारीक केले आणि बघितलं. कुठे रेघ नाही, कुठे पट्टा नाही. सकाळी झाडाखाली पडलेली असतात तशी फुलं नुसती पसरलेली. मनात म्हटलं, जमलं बाई एकदाचं. आई उठली, पदराला हात पुसले, चष्मा कपाळावर तसाच ठेवून कापडावरून तळवा फिरवला आणि एका जागी बोट टेकवलं. "इथून परत सुरू होतंय की गं."

"कशावरून?"

"हे पान बघ. शेंडा मोडलेलं. इथं आहे, खाली तिथं आहे, आणि हे बघ." तिने वीत टाकली, पुढे चार बोटं टेकवली. "एवढ्यावर परत येतंय."

मी टेप आणली. बत्तीस सेंटिमीटर. संगणकावरच्या फाइलमध्ये मी टाइलची, म्हणजे पुन्हापुन्हा छापल्या जाणाऱ्या चौकोनाची, उंची बरोबर 320 मिलीमीटर ठेवली होती. आई शेंगदाण्यांकडे परत गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. मी मात्र हातात टेप घेऊन दिवाणाशी बराच वेळ उभी होते.

आमच्या धंद्यातली सगळी धडपड एका शब्दाभोवती चालते: जोड. कापडाचा तागा कितीही लांब असो, मी काढते तो एक चौकोन. पुढचं काम तो चौकोन स्वतःच करतो. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली स्वतःलाच चिकटत जातो. कुठे चिकटला ते दिसता कामा नये, एवढीच अट. दिसलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "फरशी बसवल्यासारखं वाटतंय," आणि हा आमच्यात मोठा अपमान समजतात. चौकोन केवढा घ्यायचा हेही आपल्या मनावर नसतं. ही चादर पुढे गोल स्क्रीनवर छापली जाणार होती. गोल स्क्रीन म्हणजे निकेलचा पातळ, पोकळ रूळ, प्रत्येक रंगाला वेगळा, आणि त्याचा नेहमीचा घेर 64 सेंटिमीटर. रुळाची फेरी पुरी झाली की डिझाइन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून डिझाइनची उंची अशी हवी की तिने 64 ला निःशेष भाग जाईल. 64 घ्या, 32 घ्या, 16 घ्या. तीस छान दिसतंय म्हणून तीस ठेवलं तर दोनदा छापून चार सेंटिमीटर उरतात आणि तिथे प्रत्येक फेरीला एका फुलाचा गळा कापला जातो. मी 32 घेतलं. रूळ कोरल्यावर चूक सुधारणं महाग पडतं, म्हणून आधी डिजिटल छपाईवर नमुना मागवला होता. तोच हा, दिवाणावरचा.

सांगायला सोपं असलं तरी जोड लपवणं हे थोडं उफराटं काम आहे. नवशिक्या माणूस चौकोन काढतो आणि कडा टाळून सगळी फुलं मध्ये नीट मांडतो. टाइल लावली की मोकळ्या कडांची जाळी दिसते, खिडकीच्या गजांसारखी. म्हणून सुरुवात कडेपासूनच करायची. डाव्या कडेवर एक फूल ठेवायचं, अर्धं आत, अर्धं बाहेर. ते निवडून इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधली मूव्हची खिडकी उघडायची, आडवं 320, उभं शून्य, आणि ओके न दाबता कॉपी दाबायचं. तेच फूल उजव्या कडेवर उमटतं. डावीकडे जेवढं बाहेर होतं तेवढंच इथे आत. वरच्या कडेवरचं पान तसंच खाली न्यायचं. कोपऱ्यावर काही ठेवलं तर त्याच्या चार प्रती लागतात, चारही कोपऱ्यांवर. एक विसरली की छापलेल्या कापडावर हातभर अंतराने फुलाचा एकेक तुकडा गायब. आणि माउसने ओढून जुळवायला अजिबात जाऊ नये. डोळ्याला जुळलेलं दिसतं, पण अर्ध्या मिलीमीटरची चूक राहते आणि कापडावर देठ मोडल्यासारखा दिसतो. इथे डोळा कामाचा नाही, आकडा कामाचा. कडा बुजल्या की मगच मध्ये भरायचं, आणि मध्ये भरताना कडेवरच्या फुलांना हात लावायचा नाही. ही सवय लागायला मला वर्ष गेलं. एखादं फूल जरा डावीकडे बरं दिसेल असं वाटतं, हात जातो, आणि त्याचा पलीकडचा भाऊ तिथेच राहतो.

मग सगळ्याच्या खाली एक चौकोन ठेवायचा. त्याला ना रंग, ना रेघ. पडद्यावर तो दिसतच नाही, पण टाइलची हद्द तो ठरवतो. त्याच्यासकट सगळं उचलून स्वॉचच्या, म्हणजे रंग-नक्षी साठवायच्या, खिडकीत टाकलं की टाइल तयार. 2012 मध्ये इलस्ट्रेटरचं सीएस 6 आलं आणि पॅटर्न बनवायची स्वतंत्र सोय मिळाली. त्यात तुम्ही मध्ये एक पान काढता आणि भोवताली त्याच्या फिकट प्रती आपोआप उमटत राहतात. पान हलवलं की प्रतीही हलतात, अंगणात कवायत चाललीय असं वाटतं. सरळ रिपीटसाठी, म्हणजे टाइला समोरासमोर लावायच्या असतील तर, मी अजून त्या न दिसणाऱ्या चौकोनाकडेच जाते. हाफ ड्रॉप असला की मात्र नव्या सोयीला शरण. हाफ ड्रॉपमध्ये शेजारची रांग अर्ध्या टाइलने खाली सरकलेली असते, म्हणजे डाव्या कडेवरचं फूल उजवीकडे नेताना 160 मिलीमीटर खालीही उतरवावं लागतं. हाताने करायला गेलं की डोकं फिरतं. फायदा एवढाच की डोळा आडवा फिरताना त्याला तेच फूल समोर सापडत नाही, तिरकं शोधावं लागतं, आणि बहुतेक डोळे आळशी असतात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके समोरासमोर घातले तर एक घाट येतो आणि मधे-मधे घातले तर दुसरा, तसंच काहीसं. माझ्या पारिजातकाला हाफ ड्रॉप होता. आईचा डोळा आळशी नाही, एवढं माझ्या हिशेबात धरायचं राहिलं.

या तीन आठवड्यांत एक रात्र अशीही होती की मी रडायच्या बेताला आले होते. डिझाइन पुरं झालं, मोठ्या चौकोनात भरून बघितलं, आणि निळ्या जमिनीवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघांची जाळी. प्रत्येक जोडावर. सगळे आकडे तपासले, पुन्हा टाइल केली, पुन्हा त्याच रेघा. रात्री साडेबाराला एका मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं: झूम कर. झूम केलं. फुलं ताटाएवढी झाली, रेघ तेवढीच, केसाएवढी. अजून झूम केलं, तरी तेवढीच. खरोखरची फट असती तर तीही फुलांबरोबर वाढली असती. रेघ कापडावर नव्हती, पडद्यावर होती. टाइलची कड पडद्याच्या एका ठिपक्याच्या मधोमध आली की दोन्हीकडच्या टाइला त्या ठिपक्याला अर्धा अर्धा रंग देतात, आणि दोन अर्धे मिळून पुरा रंग होत नाही. मागचं पांढरं डोकावतं. वेबसाठी काम असेल तर टाइलचं माप पिक्सेलच्या पूर्ण आकड्यात ठेवायचं. आणि कुठल्याही कामात जमिनीचा रंग टाइलमध्ये भरायचाच नाही, तो वेगळा, अखंड, खाली अंथरायचा आणि वर नुसती फुलं टाकायची. मागून पांढरं डोकवायला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी एवढं केलं आणि जाळी गेली. पण ती रात्र लक्षात राहिली. नसलेल्या जोडासाठी मी दोन तास घालवले होते आणि असलेल्या पानाकडे माझं लक्षच नव्हतं.

त्या पानाबद्दल.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला पारिजातकाचं झाड आहे. त्याची पानं पॉलिश पेपरसारखी खरखरीत असतात, बोट उलटं फिरवलं तर अडकतं. डिझाइनसाठी मी पंधरा-वीस पानं वहीत दाबून ठेवली होती. एकाचा शेंडा किड्याने खाल्ला होता आणि उरलेला भाग मुडपून वाळला होता, पत्राचा कोपरा खुणेसाठी दुमडावा तसा. बाकीची पानं मी पेन टूलने भराभर काढली; ती एकमेकांची चुलत भावंडं आहेत, आकार थोडाफार बदलून फिरवलेली. हे एक मात्र दुपारभर बसून काढलं. दुमडलेल्या भागाची खालची फिकट बाजू, किड्याने सोडलेली शीर, मुडपल्यावर पडते ती बारीक सावली. चित्र काढल्यासारखं वाटलं त्या दिवशी. नाहीतर बरेच दिवस नुसते नांगरबिंदू, म्हणजे रेघ जिथे वळते ते ठिपके, इकडून तिकडे सरकवण्यात जातात. मग ते पान टाइलच्या साधारण मध्यावर ठेवलं, कडेपासून लांब, म्हणजे जोडाची भीतीच नको. आणि तिथेच फसले. जोड लपवायचा म्हणून सगळी ताकद कडेवर लावली आणि रिपीट पकडून दिलं मध्यावरच्या पानाने. डोळा जोड शोधतच नाही. डोळा ओळखीचा चेहरा शोधतो. गर्दीत शंभर माणसं गेली तरी काही वाटत नाही. तोच वाकड्या नाकाचा माणूस तिसऱ्यांदा भेटला की आपण थबकतो. जे मी सगळ्यात मन लावून काढलं होतं तेच सगळ्यात आधी चुगली करणार होतं.

इथे आयुष्याबद्दल चार वाक्यं लिहायचा मोह होतो आहे. टाळते.

आईचा डोळा असा का, हे कळायला सोलापूरला जावं लागेल. आम्ही साखर पेठेत राहायचो. पहाटेपासून यंत्रमागांची खटखट. पाहुणे आले की म्हणायचे झोपता कसे, आणि आम्हाला वीज गेली, माग थांबले की जाग यायची. आई आधी घरी सुताच्या कांड्या भरायची, पुढे एका चादरीच्या कारखान्यात घडीवर लागली. मागावरून उतरलेली चादर पसरायची, दोन्ही बाजू बघायच्या, सुटलेला धागा, पडलेली गाठ, तेलाचा डाग शोधायचा, मग घडी. सोलापुरी चादर दोन्हीकडून पांघरता येते. एका बाजूला जो रंग नक्षीचा तो दुसऱ्या बाजूला जमिनीचा. म्हणजे एकच चादर दोनदा तपासायची. दिवसाला किती घड्या घालायची ते तिने कधी मोजलं नाही, पण हाताला सवय अशी की आजही मेडिकलवाल्याने दिलेली पावतीसुद्धा ती चार कोपरे जुळवून दुमडते.

माझे वडील, अण्णा, त्याच कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करायचे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नक्षी आधी ग्राफच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन रंगवून. चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथे भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तो खाली राहतो. फ्रान्समधल्या लियॉनच्या जकार्डने 1804 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती आमच्या पेठेत माझ्या लहानपणी रोज सकाळी आठ वाजता कामावर हजर असायची. कार्डं एकमेकांना दोरीने ओवायची, आणि शेवटचं कार्ड पहिल्याला बांधून टाकायचं. माळ बंद. मग माग चालू राहील तोवर तीच नक्षी पुन्हापुन्हा, थांबवेपर्यंत. लांबीचं रिपीट असं माळेतून येतं. रुंदीचं येतं वरच्या दोऱ्यांतून, कारण एका हुकाला कापडाच्या रुंदीभर ठिकठिकाणचे धागे जोडलेले असतात आणि तो उचलला की ते सगळे एकदम उठतात. मी इलस्ट्रेटर शिकायला लागले आणि मूव्हच्या खिडकीत आकडा घालून कॉपी दाबलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच: अण्णांनी गाठ मारली. पहिल्या कार्डाला ते लाल दोऱ्याची एक गाठ बांधायचे. माळ उलगडली, विस्कटली तरी सुरुवात कुठली ते सापडावं म्हणून. बाकी आठशे कार्डं सारखीच दिसतात, निदान मला तरी दिसायची.

एकदा त्यांच्या हातून एका कार्डातली भोकांची एक रांग सरकली. मोठ्या फुलाच्या वरच्या पाकळीला बारीक खाच पडली. माग काय, तो खाच विणत राहिला. रुंदीभर प्रत्येक फुलाला, लांबीभर दर फेरीला. विणणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्याच फुलांना खाच असेल तर ती डिझाइनचीच वाटते. चाळीस-एक चादरी उतरल्या आणि घडीवर आल्या. आईने दुसऱ्याच चादरीला ओळखलं. कसं, ते तिला आजही सांगता येत नाही. म्हणते, पाकळी हसल्यासारखी दिसत होती. तिने कुणाला सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना फक्त अण्णांना म्हणाली. अण्णांचा घास हातात राहिला. संध्याकाळी ते आपण होऊन मालकाकडे गेले. मालकाने चादर उजेडात धरली, खूप वेळ बघितली आणि म्हणाला, राहू दे, एकदा आली असती तर चूक, दरवेळी आली म्हणजे डिझाइन. चादरी विकल्या गेल्या. अण्णांनी रात्री थांबून ते कार्ड नवीन पंच करून बदललं. मालकाचं ते वाक्य पुढे आमच्या घरात म्हण होऊन बसलं. आमटीत मीठ दोन दिवस सलग जास्त पडलं की अण्णा म्हणायचे, डिझाइन आहे.

फरशीचा अपमान मला का झोंबतो त्यालाही एक कारण आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या. प्रत्येक फरशीवर पाव फूल. चार फरश्या फिरवून जुळवल्या की एक पूर्ण फूल. पाणी प्यायच्या टाकीजवळ गवंड्याने एक फरशी नव्वद अंशांत चुकवली होती. तीन पाकळ्या बरोबर, चौथी पाठ फिरवून. लंगडीत ती फरशी म्हणजे घर. तिथे पाय टेकला की आऊट नाही. शेकडो बरोबर फरश्यांपैकी एकही मला आठवत नाही, ती मात्र कुठल्या खांबासमोर होती ते डोळे मिटून सांगू शकते. ती चूक एकदाच झाली होती, परत कुठेच आली नाही. संगणकावर अशी चूक करायची सोयच नाही. टाइलमध्ये एकदा काही वाकडं ठेवलं की ते वाकडेपण हजार मीटरपर्यंत इमानदारीने पोचतं.

इंकस्केप म्हणून एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात टाइल केलेल्या प्रती काढायची खिडकी उघडली की सममितीची एक यादी येते: पी 1, पी 2, पी एम, पी जी... एकूण सतरा. सुरुवातीला मला वाटलं, करणाऱ्यांनी सतराच दिल्यात, पुढच्या वेळी वाढवतील. वाढणार नाहीत. 1891 मध्ये येवग्राफ फेदोरोव्ह या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने सिद्ध केलं की सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांना नक्षी पुन्हापुन्हा मांडायच्या सममितीच्या तऱ्हा सतराच, अठरावी नाही. सरकवा, फिरवा, आरशात धरा, काहीही करा, त्या सतरांतच येऊन पडता. आणि नक्षी नुसती एका पट्टीतून एकाच दिशेने पळणार असेल तर सात. मी हे आईला साडीच्या भाषेत सांगितलं: काठाला सात, अंगाला सतरा. तिने विचार केला आणि विचारलं, "आणि पदराला?" मी म्हटलं, पदर एकदाच येतो, त्याला हा हिशेब लागत नाही. "मग म्हणूनच पदराचे पैसे जास्त," आई म्हणाली. गणिताच्या कुठल्याही पुस्तकात हे मला सापडलं नव्हतं.

तर आता पानाचं काय करायचं, हा प्रश्न होता. उपाय माहीत होते. एक, टाइल 64 सेंटिमीटरची करायची, म्हणजे पान दुप्पट अंतराने येईल. पण मग चौपट जागा भरायची आणि मुदत चार दिवसांची. दोन, एकाऐवजी तीन-चार वाकडी पानं वेगवेगळ्या कोनांत विखरायची, म्हणजे कुठलंच उठून दिसणार नाही. हे करून बघितलं. झाडाला रोग पडल्यासारखं दिसायला लागलं. तीन, पान सरळ करायचं. दुमडलेल्या शेंड्याचे सात बिंदू होते. एकेक निवडून काढून टाकला, टोक ओढून बाहेर घेतलं, सावलीचा आकार पुसला. दीड मिनिट लागलं. सरळ झाल्यावर ते पान बाकीच्यांत असं मिसळलं की दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना. दोन्ही फाइली गिऱ्हाईकाला पाठवल्या, पहिली आणि सुधारलेली, आणि काय फरक आहे ते मुद्दाम लिहिलं नाही. तासाभरात उत्तर आलं: दुसरी जास्त सफाईदार वाटते, कशामुळे ते सांगता येत नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. राग कुणाचा ते ठरवता आलं नाही.

रूळ कोरले गेले, चादरी छापल्या गेल्या. मध्यंतरी लक्ष्मी रोडला एका दुकानात ती रचून ठेवलेली दिसली. मी आत जाऊन घडी थोडी उलगडून बघितली. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, सिंगल हवी की डबल?" मी बोटाने 32 सेंटिमीटर मोजत होते. काही सापडलं नाही. चांगलं काम होतं. कडा कुठे, मध्य कुठे, काही कळत नव्हतं. नको म्हणून बाहेर आले.

वाकड्या पानाचा नमुना आईने ठेवून घेतला होता. दोन्ही टोकांना मशीनवर शिवण मारून तिने त्याची पलंगावरची चादर केली. दोन-तीन धुण्यांत खळ गेली, कापड मऊ पडलं, निळा जरा उतरला. परवा रविवारी वाळलेले कपडे काढले आणि ती म्हणाली, घडीला ये. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मी नेहमीसारखे दोन कोपरे धरून मध्य कुठे येतो ते अंदाजाने बघायला लागले. माझी घडी नेहमी वाकडी येते आणि मग ती सगळं उलगडायला लावते.

"कोपरे काय जुळवतीस? पान धर की," ती म्हणाली. "पाच रांगा आहेत. तिसरी धर."

मी माझ्या टोकाजवळचं तिसऱ्या रांगेतलं मोडक्या शेंड्याचं पान शोधलं आणि चिमटीत पकडलं. तिने तिच्याकडचं आधीच पकडलं होतं, न बघता. "ताण." मी ताणलं. चादरीच्या दोन्ही बाजू खाली लोंबल्या आणि आमच्या दोघींच्या मधे घडीची रेघ उभी राहिली, पानावरून पानावर, एकही इकडे तिकडे नाही. मी पानं मोजली, सात होती.

"हं," आई म्हणाली, "आता ये इकडं."